उकिरड्याचा पांग : ओला कचरा वेगळा ठेवण्याच्या सवयीविषयी

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, अशी आपल्या भाषेत एक जुनी म्हण आहे. ज्याला कोणी विचारीत नाही त्यालाही केव्हातरी बरे दिवस येतात, एवढाच अर्थ आपण आता तिच्यातून घेतो. परंतु ही म्हण ज्यांच्या तोंडी रुळली ती माणसे शेतीवर जगणारी होती, आणि उकिरडा म्हणजे काय हे त्यांना पक्के ठाऊक होते. घरामागच्या त्या खड्ड्यात गोठ्यातील शेण, चुलीतील राख, भाजीची देठे, झाडलोट आणि उष्टेखरकटे पडत असे. पावसाळ्यापूर्वी तोच खड्डा उपसला जाई आणि त्यातील खत गाडीने शेतात जाई. उकिरड्याकडे कोणी आदराने पाहत नसे हे खरे, पण तो संसारातील एक खाते होता. तेथे जे जमा होई ते शेताच्या नावे खर्ची पडे.

आज आपल्यापैकी बहुतेकांच्या घरामागे असा खड्डा नाही. बेळगावपासून ग्वाल्हेरपर्यंत आपली वस्ती आता मुख्यतः शहरांतून आहे. कचरा पिशवीत बांधून दाराबाहेर ठेवला की आपला त्याच्याशी संबंध संपला, असे आपण धरून चालतो. सृष्टीची संपत्ती जपून कशी वापरावी याविषयी अलीकडे पुष्कळ सांगितले जाते. दिवे मालवावेत, पाणी जपावे, जवळच्या अंतराला पायी जावे, हे सर्व योग्यच आहे. पण वीस गोष्टी एकदम सांगितल्या म्हणजे ऐकणारा एकही करीत नाही, असा अनुभव आहे. म्हणून प्रस्तुत लेखात एकाच सवयीचा विचार योजिला आहे. ती म्हणजे ओला कचरा घरातच वेगळा ठेवणे आणि शक्य तेथे घरातच त्याचे खत करणे. ही सवय कशासाठी, तिची रीत काय, आणि ती मध्येच का मोडते, हे आपण क्रमाने पाहू.

१. मिसळण्याने काय बिघडते

जुन्या घरात टाकून द्यावयाच्या बहुतेक वस्तू कुजणाऱ्या असत. न कुजणाऱ्या वस्तूंच्या वाटा ठरलेल्या होत्या. रद्दी रद्दीवाल्याकडे जाई, बाटली व पत्रा भंगारवाल्याकडे जाई, जुने लुगडे बोहारणीला देऊन भांडे घेतले जाई किंवा त्याची गोधडी होई. ओले आणि सुके वेगळे करा, असे त्या काळी कोणाला शिकवावे लागत नसे, कारण ते व्यवहारातच आपोआप वेगळे होत असे. पुढे प्लॅस्टिक स्वस्त झाले. दुधाची पिशवी, बिस्किटांचे वेष्टन, दुकानातून येणारी पातळ थैली अशा वस्तू घरात शिरल्या. त्यांपैकी कितीतरी वस्तूंना भंगारात भाव नाही आणि मातीत कूज नाही. त्या उकिरड्यात पडल्या आणि उकिरडा निकामी झाला.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. केळीची साल ही वस्तुतः कचरा नव्हे, ती खताचा कच्चा माल आहे. पुठ्ठ्याचा तुकडाही कचरा नव्हे, त्याचा पुन्हा कागद होतो. पण ही दोन्ही एका डब्यात टाकली की साल पुठ्ठ्याला भिजवते आणि पुठ्ठ्याला कोणी विचारीत नाही. पुठ्ठ्याबरोबर आलेली काच, औषधाची पट्टी, घड्याळाचा सेल सालीत मिसळतो आणि ती साल खताच्या कामाची राहत नाही. दोन उपयोगी वस्तूंपासून एक निरुपयोगी वस्तू आपण आपल्याच हाताने, आपल्याच स्वयंपाकघरात तयार करतो. कचरा कचराडेपोत जन्माला येत नाही, तो आपल्या ओट्याखालच्या डब्यात जन्माला येतो.

पुढची हानी याहून मोठी आहे. कुजण्याचे दोन प्रकार आहेत. हवा मिळत असेल तर सूक्ष्म जीव ओल्या पदार्थाचे विघटन करून त्यापासून मातीसारखे खत करतात. त्या क्रियेत उष्णता, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शहराबाहेरच्या ढिगात मात्र वरच्या थरांखाली हवा पोचत नाही. तेथे दुसऱ्या जातीचे जीव काम करतात आणि मिथेन वायू निर्माण होतो. वातावरण तापविण्याची मिथेनची शक्ती, शंभर वर्षांच्या हिशेबाने, तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आहे. शिवाय तो ज्वालाग्राही आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार येथील कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर शहरावर पसरला होता. दिल्लीजवळच्या गाझीपूरचा ढीग १ सप्टेंबर २०१७ रोजी ढासळला आणि त्यात दोन माणसांचा जीव गेला. जेथे डोंगर कोसळत नाही वा पेटत नाही, तेथेही त्यातून झिरपणारे काळे पाणी आसपासच्या विहिरींकडे जातच असते. त्या विहिरी आपल्या नसतात, एवढ्यामुळेच आपल्याला ते पाणी दिसत नाही.

आणि शेवटी माणसांच्या हातांचा विचार करावयास हवा. आपण जे एकत्र केले ते कोणीतरी पुन्हा वेगळे करीत असते. सफाई कामगार, आणि त्यांच्याही मागे कचरा वेचणाऱ्या स्त्रिया, आंबलेल्या भातातून बाटली उचलतात व फुटलेली काच हाताने बाजूला सारतात. हे काम कोणत्या जातींच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या मारले गेले, हे आपणास सांगावयास नको. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' या संघटनेने कचरा वेचणाऱ्यांना कामगार म्हणून मान मिळावा यासाठी लढा दिला. कचरा घराघरातच वेगळा व्हावा, हा त्यांचा आग्रह राहिला आहे. त्यामागील कारण साधे आहे. दारातून वेगळा आलेला सुका माल स्वच्छ असतो, त्याला भाव येतो आणि हात कापत नाहीत. दोन डबे ठेवणे हा म्हणून केवळ स्वच्छतेचा प्रश्न नाही. आपल्या सोयीची किंमत कोणी द्यावी, असा तो प्रश्न आहे.

२. इंदूरची साक्ष

हा विषय समजून घेण्यास इंदूर शहराचा इतिहास दोन वेळा उपयोगी पडतो.

पहिली वेळ सुमारे शंभर वर्षांपूर्वीची. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली सरकारी नोकरीत भारतात आले. १९२४ पासून इंदूर येथील वनस्पती संशोधन संस्थेचे काम त्यांनी पाहिले, आणि तेथे त्यांना यशवंत वाड या रसायनशास्त्रज्ञाची साथ मिळाली. शेतातील काडीकचरा, जनावरांचे शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर देऊन, ते ओले ठेवून, तीन वेळा उलथून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत कसे करावे, हे त्यांनी तेथे प्रयोगाने ठरविले. १९३१ साली हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावे त्याविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे ही रीत 'इंदूर पद्धत' या नावाने जगभर ओळखली गेली. चीनमधील शेतकऱ्यांचा जुना अनुभव आणि आपल्याकडील शेतकऱ्यांचे निरीक्षण या दोहोंचे ऋण हॉवर्ड मान्य करीत असत. म्हणीतील बारा वर्षांचा पांग त्यांनी तीन महिन्यांवर आणला, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

या पद्धतीचे मर्म तीन गोष्टींत आहे. पहिली, सुके आणि हिरवे यांचे प्रमाण. वाळलेल्या पानांत कार्बन भरपूर व नायट्रोजन थोडा असतो, तर भाजीच्या ओल्या टाकाऊ भागांत व शेणात नायट्रोजन अधिक असतो. कार्बन नायट्रोजनाच्या साधारण २५ ते ३० पट असला म्हणजे सूक्ष्म जीवांचे काम उत्तम चालते. दुसरी गोष्ट ओल. ढीग पिळलेल्या कापडासारखा दमट हवा, त्यातून पाणी निथळता कामा नये. तिसरी गोष्ट हवा, आणि त्यासाठीच ढीग वरखाली करावयाचा. या तीन गोष्टी ज्याला कळल्या त्याला पुढची कोणतीही अडचण स्वतःच सोडविता येते.

इंदूरची दुसरी साक्ष आपल्या डोळ्यांदेखतची आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन भाग घरातच करावेत असे बंधन घातले. इंदूर महानगरपालिकेने दारोदारच्या गाड्यांत वेगवेगळे कप्पे ठेवून ते बंधन गंभीरपणे अमलात आणले. देवगुराडिया येथील जुना ढीग २०१८ च्या सुमारास उपसून जागा मोकळी करण्यात आली. २०१७ ते २०२३ या वर्षांच्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणांत शहराचा क्रमांक सलग सात वेळा पहिला आला. त्यांतील सातव्या वेळी तो मान सुरतेबरोबर विभागून मिळाला. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी तेथे ओल्या कचऱ्यापासून वायू करणाऱ्या कारखान्याचे उद्घाटन झाले. दररोज ५५० टन ओला कचरा घेऊन सुमारे १७,००० किलो इंधनवायू व १०० टन खत तयार करण्याच्या क्षमतेचा तो आहे. ढिगात जो मिथेन संकट ठरतो, तोच बंद टाकीत धरला की वाहने चालवितो. एखाद्या शहराचे सर्वच काही निर्दोष असते असे नव्हे. परंतु कारखाना कितीही मोठा असला तरी त्याला वेगळा केलेलाच ओला कचरा लागतो. तो वेगळा करण्याचे काम कोणतेही यंत्र गृहिणीच्या किंवा गृहस्थाच्या हाताइतके सहज करू शकत नाही. ते काम घरात दोन क्षणांचे आहे. घराबाहेर गेल्यावर ते अवघड होऊन बसते.

३. घरातील रीत

आता प्रत्यक्ष रीत पाहू. स्वयंपाकघरात दोन डबे ठेवावेत. एकात जे कुजते ते टाकावे, दुसऱ्यात जे कुजत नाही ते टाकावे. दुधाची पिशवी व तत्सम वस्तू एकदा विसळून, निथळवून सुक्या डब्यात टाकाव्यात. सेल, फुटलेले दिवे, मुदत संपलेली औषधे यांसाठी कपाटात एक लहान पेटी असावी. लंगोट व आरोग्यविषयक कापडे कागदात गुंडाळून, वर खूण करून निराळी द्यावीत, म्हणजे ती उघडून पाहण्याची पाळी कोणावर येणार नाही.

ज्यांना खत करावयाचे आहे त्यांनी मातीचे एक मोठे मडके घ्यावे. बाजूंना व तळाला लहान छिद्रे पाडून ते विटांवर ठेवावे आणि खाली ताटली असू द्यावी. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा वाळक्या काटक्यांचा थर घालावा, त्यावर मूठभर जुने खत किंवा बागेतील माती पसरावी. रोजची साले, देठे, चहाचा धुतलेला चोथा, चुरडलेली अंड्याची टरफले बारीक करून टाकावीत आणि प्रत्येक वेळी वर तेवढ्याच आकारमानाचा वाळका पालापाचोळा पसरावा. तीन-चार दिवसांनी काठीने वरखाली करावे. तोंडावर सच्छिद्र झाकण किंवा कापड असावे. मडके भरले की ते बाजूला ठेवून दुसरे सुरू करावे. दोन ते तीन महिन्यांत पहिल्यातील पदार्थ बराच खाली बसतो, काळसर व भुसभुशीत होतो आणि त्याला पहिल्या पावसातील मातीचा वास येतो. तो वास आला म्हणजे खत तयार झाले. हाडे, मासळीचे काटे, तेलकट रस्सा व दूधदुभते मडक्यात घालू नये. ते पालिकेच्या ओल्या कचऱ्याच्या गाडीत द्यावे, किंवा अंगण असल्यास खोल पुरावे.

४. सवय मोडते कोठे

बहुतेकांचा पहिल्याच महिन्यात हिरमोड होतो. मडक्याला कुबट वास येतो, घरातील मंडळी कुरकुर करतात आणि मडके अडगळीत जाते. अशा वेळी आपल्याला हे जमत नाही असा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक दोष जवळजवळ नेहमी एकच असतो. ओले पुष्कळ पडले आणि सुके पडले नाही. सडका वास आला तर हवा कमी व पाणी जास्त आहे असे समजावे, आणि सुकी पाने किंवा लाकडाचा भुसा मिसळून ढवळावे. नाकाला झोंबणारा वास आला तर नायट्रोजन जास्त झाला आहे, आणि उपाय तोच. मुंग्या लागल्या तर ढीग कोरडा पडला आहे, थोडे पाणी शिंपडावे. चिलटे झाली तर वरचा पाला दाट करावा. अळ्या दिसल्या तरी घाबरण्याचे कारण नाही, त्याही कुजविण्याच्याच कामाला लागलेल्या असतात.

म्हणजे प्रश्न येतो तो सुक्या पाल्याचा, आणि येथे एक विसंगती आपल्या पदरी आहे. ज्या घरांत ओले आहे तेथे पाला नाही, आणि जेथे पाला आहे तेथे तो जाळला जातो. आपल्या उपासनामंदिरांची, शाळांची व वसतिगृहांची आवारे पाहा. माघ-फाल्गुनात झाडांची पानगळ सुरू झाली की रोज सकाळी झाडून ढीग केला जातो आणि त्याला काडी लावली जाते. आवार स्वच्छ झाले असे आपण म्हणतो. तो धूर आसपासच्या दमेकऱ्यांच्या छातीत जातो आणि खताचा अर्धा भाग राख होतो. पाला पोत्यांत भरून आवाराच्या एका कोपऱ्यात ठेवला आणि मंडळीतील ज्या घरी मडके आहे त्यांनी येता-जाता एक पोते नेले, तर दोन्ही बाजूंची अडचण एकाच वेळी सुटते.

५. मडक्याच्याही आधी

खत करणे चांगले. पण उत्तम अन्न मडक्यात घालावे लागणे ही भूषणाची गोष्ट नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न, त्यातील न खाण्याजोगे भाग धरून, वाया गेले, आणि त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून गेले. हा दोष हॉटेलांचा किंवा बाजाराचा आहे असे समजून आपण सुटू शकत नाही. तांदूळ मापाने घेणे, आदल्या दिवशीचा भात सकाळी फोडणीला टाकणे, शिळ्या पोळीचा कुस्करा करणे, कोथिंबिरीची कोवळी देठे वाटणात घालणे, या आपल्या आजीच्या साध्या रीती होत्या. त्यांना दारिद्र्याची खूण मानून आपण सोडून दिले. बाजारात कापडी पिशवी नेणे हीदेखील तीच शिस्त आहे, कारण जी पिशवी घरात आलीच नाही ती वेगळी करावी लागत नाही.

मंडळीच्या प्रीतिभोजनांविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. नाताळ, हंगामाचा सण, लग्नकार्य अशा प्रसंगी आपण शेकडो माणसांना जेवू घालतो, आणि जेवण संपल्यावर आवारात पातळ पेले व ताटल्यांचा ढीग, त्यात अर्धवट टाकलेले अन्न, असे दृश्य दिसते. थर्माकोलच्या ताटल्या व प्लॅस्टिकचे पेले यांसारख्या एकदाच वापरण्याच्या काही वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पाच भाकरींच्या वृत्तान्तावर आपण अनेक प्रवचने ऐकली आहेत. परंतु सर्व तृप्त झाल्यावर उरलेले तुकडे गोळा करण्याची आज्ञा झाली, या शेवटच्या भागापाशी आपण क्वचितच थांबतो. विपुलता असतानाही तेथे नासाडीला जागा नव्हती. मंडळीने एकदा वर्गणी करून शंभर स्टीलच्या ताटल्या घेतल्या, वाढण्याच्या जागी लहान पळ्या ठेवल्या आणि धुण्याच्या जागेजवळ उष्ट्यासाठी एक वेगळे पिंप ठेवले, तर त्या वृत्तान्तावरील तेही एक भाष्यच होईल.

६. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की आम्ही वेगळे केले तरी पुढे गाडीत सर्व एकत्रच करतात. अनेक ठिकाणी हे दुर्दैवाने खरे असते. पण त्यावरून दोनच गोष्टी निघतात. एक, घरात केलेले खत कोणत्याही गाडीत जात नाही, त्यामुळे तेवढा भाग तरी कोणी मिसळू शकत नाही. दुसरी, ज्याने आपले काम केले आहे त्यालाच पालिकेकडे जाब मागण्याचा नैतिक अधिकार राहतो. दहा घरांनी मिळून लेखी तक्रार दिली तर तिला वजन येते, आणि त्या दहा घरांत दोन डबे असले तर ती तक्रार खरी ठरते.

दुसरा आक्षेप असा, की एका घराने काय होणार? साधा हिशेब करू. एका घरात रोज अर्धा किलो ओला कचरा निघतो असे धरले, तर वर्षाला तो सुमारे १८० किलो होतो. शंभर घरांच्या मंडळीचा तो १८ टन होतो. एवढे वजन कोणीतरी उचलावयाचे, वाहून न्यावयाचे आणि कोणाच्या तरी गावाशेजारी टाकावयाचे, ते टळते. जगाच्या मानाने हे थोडे आहे, हे कबूल केले पाहिजे. परंतु ज्या गावाच्या विहिरीत ते पाणी झिरपले असते, त्या गावाच्या मानाने ते थोडे नाही.

सारांश, सृष्टीचे कारभारी म्हणवून घेणाऱ्यांनी आपला कारभार कोठून सुरू करावा असा प्रश्न असेल, तर त्याचे उत्तर ओट्याखाली आहे. या आठवड्यात दुसरा डबा ठेवावा. पुढच्या महिन्यात मडके आणावे. पानगळीच्या दिवसांत आवारातील काडेपेटी बाजूला ठेवावी. आपल्या पूर्वजांनी उकिरड्याला बारा वर्षांची मुदत दिली होती, आणि इंदूरच्या प्रयोगाने ती तीन महिन्यांवर आणली. आता त्याचा पांग फिटावयाचा राहिला असेल, तर तो आपल्या हातून राहिला आहे.